बांध कोरला जातोय? मोबाइलचं जीपीएस ठेवा बाजूला, आधी नकाशा काढा

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचा असतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना येणारं "म्हणजे कसंय ना" तेवढं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या आठवड्यात दौंड तालुक्यातल्या एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. ऊस तुटून गेला, शेजाऱ्याने रान नांगरायला ट्रॅक्टर लावला आणि जाता जाता बांधाला दोन तास जास्त मारले. हा रांजणगावला सेकंड शिफ्टला. घरून फोन आला की वडील कुऱ्हाड घेऊन निघालेत, आईने कसंबसं अडवलंय. त्याचा प्रश्न एवढाच होता, "भाऊ, आता मी नक्की काय करू?"

उत्तर एका मेसेजमध्ये मावण्यासारखं नव्हतं, म्हणून हा भाग. मी वकील नाही, कोड लिहितो. पण आमचं घर शिरूर तालुक्यात, आजोळ भीमेच्या पलीकडं दौंड तालुक्यात, आणि दोन्हीकडे बांधाची भांडणं बघतच मोठा झालोय. त्यातलं एक तर आमच्याच घरचं. ते पुढे सांगतो.

आधी हे बघा की बांध सरकतो कधी. ऊस उभा असताना बांध कुणालाच दिसत नाही. टोळी गेली, पाचट पेटवलं, खोडवा मोडला, की रान उघडं पडतं. पुढची लागण होईपर्यंत जो नांगर फिरतो त्यात बांध एक-एक वीत खाल्ला जातो. आमच्या आजोबांच्या काळात रान जिराईत होतं, बांधावर बोरी-बाभळी होत्या, शेळ्यांना गवत होतं. बांध हीसुद्धा कामाची जागा होती. मग कॅनॉलचं पाणी आलं, पाइपलाइनी आल्या, ऊस आला, रांजणगावच्या एमआयडीसीमुळे भाव चढले. आता बांध म्हणजे फुकट गेलेली जागा असं दोन्ही बाजूंना वाटतं.

भांडण किती जागेचं असतं त्याचा हिशेब करू. आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. समजा बांध ६६० फूट लांब आहे, म्हणजे २० साखळ्या. शेजारी दीड फूट आत आला तर ६६० गुणिले दीड, ९९० चौरस फूट. जवळपास एक गुंठा. दीड फूट ऐकायला काहीच वाटत नाही, पण हमरस्त्याजवळच्या गावात आजच्या भावाने गुंठा म्हणजे किती, ते तुम्हाला माहितीये. त्यामुळे "वीतभर जागेसाठी कशाला भांडता" असं म्हणणाऱ्या पाहुण्यांकडे फार लक्ष देऊ नका. जागा वीतभर नसते.

आता मोबाइलची गोष्ट. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

आमचं रान २ एकर, लांबट पट्टा, साधारण २० साखळ्या लांब आणि ४ साखळ्या रुंद. पूर्वेच्या बांधाला आण्णा. (गावात सगळेच त्यांना आण्णा म्हणतात, खरं नाव सांगत नाही.) पप्पांचं कायमचं म्हणणं की आण्णांनी पंधरा वर्षांत बांध तीन फूट ढकलला. एका दिवाळीला मी गेलो, जमीन मोजायचं ॲप टाकलं, शेताला फेरी मारली. ॲप म्हणालं, ७ गुंठे कमी. माझं डोकंच फिरलं. तसाच मोबाइल घेऊन आण्णांच्या ओट्यावर. त्यांनी शांतपणे विचारलं, "उद्या परत मोजशील का?" दुसऱ्या दिवशी त्याच ॲपने, त्याच फेरीत २ गुंठे जास्त दाखवले.

इंजिनिअर असून मला हे आधी सुचायला हवं होतं. साध्या फोनच्या जीपीएसमध्ये मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटरची चूक सहज असते. झाडाखाली, उसाच्या कडेला अजून जास्त. आपल्या पट्ट्याची एक लांब कड ४ मीटर, म्हणजे १३ फूट सरकली, तर ६६० गुणिले १३, झाले जवळपास ८ गुंठे. वाद तीन फुटांचा आणि आपल्या पट्टीची चूकच तेरा फुटांची. अशा पट्टीने काय मोजणार?

महाभूनकाशाच्या वेबसाइटवर गटाचा नकाशा दिसतो, तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवून बघता येतो. ते बघायला छान आहे, आपला गट कुठे, शेजारी कोणते गट, आकार कसा, हे कळतं. पण नकाशाची रेघ चित्रातल्या बांधावर बसत नाही म्हणून शेजाऱ्याने जमीन खाल्ली असं म्हणता येत नाही. जुना कागदी नकाशा स्कॅन करून चित्रावर बसवताना तो काही मीटर इकडे-तिकडे होतोच. त्याचा स्क्रीनशॉट काढून भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. मी टाकला होता. (तो डिलीट करेपर्यंत तीन काका आणि एक मावसभाऊ पेटले होते.)

मग खरं मोजमाप कुठलं? सरकारी मोजणी. तालुक्याला उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचं ऑफिस असतं, शिरूरलाही आहे, दौंडलाही. तिथे "हद्द कायम" मोजणीचा अर्ज करायचा. हा शब्द लक्षात ठेवा, कारण वाटणीसाठी पोटहिस्सा मोजणी वेगळी असते. अर्ज ई-मोजणीच्या वेबसाइटवर ऑनलाइन होतो. ताजा सातबारा लागतो, कुठल्या दिशेची हद्द वादात आहे ते लिहावं लागतं, चारी बाजूंच्या लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते द्यावे लागतात. १ डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार राहिले, नियमित आणि द्रुतगती. गावाकडच्या जमिनीला २ हेक्टरपर्यंत नियमितची फी २,००० रुपये आणि द्रुतगतीची ८,००० ठरवली गेली. फी बदलू शकते, भरायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या.

यात दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे सातबाऱ्यावरची नावं. आमच्या सातबाऱ्यावर पप्पांबरोबर दोन आत्यांची नावं होती, त्यांच्या सह्या आणा म्हणून अर्ज परत आला. एक आत्या ठाण्याला. तिथून सही येईपर्यंत उन्हाळा गेला. दुसरं, शेजाऱ्यांचे पत्ते. चुकीचा पत्ता दिला तर नोटीस पोचत नाही, आणि नोटीस पोचली नाही तर शेजारी मोजणीच्या दिवशी येऊन हरकत घेतो. मग तारीख पुढे. शेजाऱ्याची संमती मात्र लागत नाही हं. त्याला नोटीस गेली की पुरे. तो आला नाही, त्याने सही केली नाही, तरी मोजणी होते. मारामारीची भीती असेल तर पोलीस बंदोबस्त मागता येतो.

मोजणीला आता रोव्हर नावाचं यंत्र येतं. काठीवर बसवलेला जीपीएसच, पण महाराष्ट्रभर उभारलेल्या ७७ स्थिर केंद्रांकडून त्याला सतत दुरुस्ती मिळत असते, त्यामुळे चूक मीटरवरून काही सेंटिमीटरवर येते. आपल्या फोनमध्ये आणि त्यात हाच फरक. पण यंत्र कितीही भारी असलं तरी त्याला तुलना करायची असते मूळ नकाशाशी. आणि मूळ नकाशा जुना आहे. शेतावर नंबर टाकून मोजणी करण्याची इंग्रजी पद्धत नीट बसली तीच मुळी आपल्या शेजारच्या इंदापुरात, १८३०च्या दशकात, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांच्या हाताखाली. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याने गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट नंबर केले. कागदावर गट झाले, पण कित्येक गावात माणसं जुन्याच जागा कसत राहिली. आज "माझा गट त्याच्याकडे आणि त्याचा माझ्याकडे" अशी जी गंमत सापडते तिचं मूळ इथे आहे. म्हणून अर्जाच्या आधी गटाचा नकाशा, जमलं तर एकत्रीकरणाच्या वेळचा उतारा, जुने फेरफार काढून ठेवा. नुसत्या सातबाऱ्यावर जाऊ नका. सातबारा मुळात महसुलाचा कागद. त्यावरची नोंद खोटी सिद्ध होईपर्यंत खरी मानतात हे बरोबर, पण मालकी त्याने ठरत नाही, कोर्टांनी हे परत परत सांगितलंय.

कागदाची ताकद आपल्या भागाला नवीन नाही म्हणा. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हात टाकला, गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला सुप्यात दंगा झाला तेव्हा लोकांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या वह्या आणि कर्जरोख्यांवर होता. वैर कशाशी आहे ते त्यांना नीट कळलं होतं.

असो. मोजणी झाली की 'क' प्रत मिळते, म्हणजे खुणांसहित नकाशा. ती पटली नाही तर शेजारी, किंवा आपणसुद्धा, निमताना मोजणी मागू शकतो. ती वरचा अधिकारी करतो. आणि एक गैरसमज. 'क' प्रतीत अतिक्रमण दाखवलं म्हणून मोजणीवाले लगेच जागा काढून देत नाहीत. ते हद्द दाखवतात. ताबा सोडायला शेजारी तयार नसेल तर पुढचा रस्ता दिवाणी कोर्टाचा, आणि तिथे ही 'क' प्रत तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. कोर्टसुद्धा बहुतेक वेळा कोर्ट कमिशनर नेमून मोजणीच करायला लावतं. म्हणजे फिरून तिथेच. मग आधीच करून घ्या ना.

आता मित्राचा खरा प्रश्न, त्या रात्री काय करायचं.

वडिलांना घरात बसवायचं. हे पहिलं आणि सगळ्यात अवघड. बांधावर हातघाई झाली की पोलीस ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी होतात. जागेचा वाद म्हटलं की ते दिवाणी म्हणून सोडतात, शिवीगाळ असेल तर अदखलपात्र नोंद, आणि परत भांडण होईल असं वाटलं तर दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस. पूर्वी ती फौजदारी संहितेच्या कलम १०७ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेचं कलम १२६. बरोबर कोण, चूक कोण हे तिथे ठरतच नाही. आणि आपल्यातली निम्मी पोरं पोलीस भरतीची नाहीतर आर्मीची तयारी करतायत. उरलेल्यांना कंपनीत चारित्र्य पडताळणी द्यावी लागते. दीड फुटासाठी तो कागद खराब करायचा का, ते ज्याने त्याने ठरवावं. माझ्या ओळखीतल्या एकाचं भरतीचं वर्ष असंच तारखांना जाण्यात संपलं. बांध अजून तिथेच आहे.

मोबाइल इथे कामाला येतो. आपल्याच रानात उभं राहून फोटो काढा, व्हिडिओ काढा. विहीर, विजेचा खांब, झाड असं न हलणारं काहीतरी चौकटीत येऊ द्या आणि बांधावर टेप ठेवा. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, व्हॉट्सॲपवरून आलेली कॉपी नको, कारण पाठवताना फाइल दाबली जाते आणि तारीख-वेळ, जागा ही आतली माहिती निघून जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. (हॅश शिकवताना आमच्या सरांनी कधी सांगितलं नव्हतं की हे उसाच्या बांधाला लागणार आहे.) आणि स्टेटस ठेवू नका. "काही लोकांची लायकी" वगैरे. ते पण पुरावाच असतं, तुमच्या विरुद्ध.

मग शेजाऱ्याला साधं पत्र, पोच मिळेल अशा पद्धतीने. अमुक तारखेला अमुक ठिकाणी बांध कोरला, आम्ही मोजणीचा अर्ज करतोय, तोपर्यंत आहे तशी स्थिती ठेवा. बस. वडिलांचे पंचवीस वर्षांचे हिशेब त्यात नकोत.

मुदतीचं भान मात्र ठेवा. कुणी जबरदस्तीने ताबा काढून घेतला तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागायला फक्त ६ महिने असतात, तिथे मालकी सिद्ध करायची गरज नसते. ते हुकलं तरी मालकीच्या जोरावर दावा करता येतो, पण त्यालाही १२ वर्षांची हद्द आहे. "बारा वर्षं झाली की जागा त्याची" असं पारावर सांगतात ते अर्धंच खरं. नुसता कब्जा पुरत नाही, तो उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा होता हे त्याला सिद्ध करावं लागतं. तरी पण बारा वर्षं गप्प बसून ते काम त्याला सोपं का करून द्यायचं?

शेजाऱ्याने वाट अडवली असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी तहसीलदार. पण इथे लोक चुकीच्या कलमात वर्ष घालवतात. वापरातली जुनी वाट बंद केली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि अर्ज अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तरी हेच. वाट मुळातच नव्हती आणि बांधावरून नवीन हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. एकाच अर्जात दोन्ही टाकलं की समोरचा वकील खूश.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. बायकांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, सातबाऱ्यावर आईचं नाव असेल तर हे लक्षात असू द्या. लोकअदालतीत मिटलं तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. गावात तंटामुक्ती समिती असते, २००७ ला आर. आर. आबांच्या काळात सुरू झालेली. काही गावात ती खरंच जिवंत आहे, काही गावात फक्त कमानीवर. तुमच्या गावात कोणती ते तुम्हाला ठाऊक.

आता आमचं काय झालं ते.

मोजणीच्या दिवशी पप्पा सकाळी सहालाच रानात. आण्णा आले, त्यांचा पोरगा आला, कुणी कुणाशी बोलेना. रोव्हर फिरला. वरच्या अर्ध्या भागात, ३३० फूट लांबीला, आण्णा सरासरी अडीच फूट आमच्यात. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, बघ म्हणालो नव्हतो? मग यंत्र खाली विहिरीकडे गेलं आणि तिथे उरलेल्या ३३० फुटांत आम्ही दीड फूट त्यांच्यात निघालो. पप्पा गप्पच झाले. खूप वेळाने आण्णाच म्हणाले, "हे दोघा म्हाताऱ्यांनी केलंय. पाट सरळ जावा म्हणून." माझे आजोबा आणि त्यांचे वडील. वाकडा बांध तोंडी सरळ केलेला, कागद नाही, साक्षीदार नाही. वर कोरला होता तो त्यानंतर, हेही खरं, पण सगळा नाही.

मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. त्यांच्याकडे आमचे ८२५ चौरस फूट, आमच्याकडे त्यांचे ४९५. फरक ३३०. गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. या ३३० फुटांसाठी आई आणि काकू नऊ वर्षं एकमेकींच्या हळदी-कुंकवाला गेल्या नव्हत्या.

अशी अदलाबदल मोठी असेल, पूर्ण गटच एकमेकांकडे असतील आणि ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर सरकारची सलोखा योजना आहे, जानेवारी २०२३ पासूनची. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,००० एवढंच. मूळ मुदत दोन वर्षांची होती, नंतर वाढली, त्यामुळे जाण्याआधी ती चालू आहे का ते ग्राम महसूल अधिकाऱ्याला विचारा. (तलाठीच तो, नाव बदललंय.) मंडळ अधिकारी आणि ते येऊन ताब्याचा पंचनामा करतात, मग दस्त.

आमचं तेवढं मोठं नव्हतं. नकाशाप्रमाणे दगड रोवायचे ठरलं. पहार आण्णांकडची, दगड आमच्या विहिरीचे. वरच्या बाजूला ते मागे सरले, खालच्या बाजूला आम्ही, आणि आमचा एक नारळ त्यांच्या हद्दीत गेला. त्याच्या नारळांचं काय, हे अजून ठरलेलं नाही. पप्पा म्हणतात लावला आम्ही, आण्णा म्हणतात पाणी माझ्या रानाचं पितो. सध्या जो आधी चढेल त्याचे. काकू संक्रांतीला आल्या होत्या, वाण घेऊन.

पाइपलाइनच्या व्हॉल्व्हवरून मात्र अबोला आहे तो आहेच. पाण्याच्या पाळीची भांडणं हा वेगळाच विषय, त्यावर पुढचा भाग करतोय. तुमच्याकडे मोजणीची तारीख किती दिवसांनी मिळाली, शिरूर की दौंड, ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. आणि दौंडच्या मित्रा, अर्ज भरलास की मला कळव, लगतच्या खातेदारांची यादी एकदा सोबत तपासू.